शुक्रवारी थंड पडणारी पृथ्वी

"थुंकू की गिळू?" हर्षदने भरल्या तोंडाने विचारलं.

"आधी सांग, कशी लागतेय?" निधी म्हणाली.

"आंबट. आंबा आंबट असतो तशी नाही. इडलीचं पीठ डब्यात विसरून आपण गावाला जाऊन आलो, तशी."

"मग थुंक ना, यार."

हर्षदने क्षणभर विचार केला आणि गिळून टाकली. खाल्लेलं परत करायची त्याच्या घराण्यात पद्धत नव्हती.

मे महिन्याच्या सुट्टीतली शनिवारची सकाळ होती. मुलुंडच्या सागरदर्शन सोसायटीतल्या तळमजल्यावरच्या सुकवणखोलीबाहेर निधी, केयूर आणि हर्षद उभे होते. (सागरदर्शनमधून सागर दिसत नाही. पाचव्या मजल्यावरून एक डोंगर दिसायचा, पण आता त्याच्यापुढे टॉवर झालाय.) आत हर्षदची कुंदाआत्या ताटांकडे बघत होती. ताटांत आंबापोळी असायला हवी होती. होता तो बुडबुडे आलेला आंब्याचा चिखल.

"परत नासली," आत्या म्हणाली. "अख्खी खेप गेली."

आता ही सुकवणखोली म्हणजे काय, ते सांगायला हवं.

गेल्या हिवाळ्यात सोसायटीने बागेसाठी बोअरवेल खणली आणि तिला चक्क गरम पाणी लागलं. पहिल्याच दिवशी माळ्याने ते मोगऱ्याला घातलं. मोगरा शिजला. मग बी विंगमधले सुबोध सर थर्मामीटर घेऊन आले. त्यांचं भिंतीपलीकडच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सल्लागाराचं ऑफिस होतं. कसले सल्ले देतात ते कुणाला नक्की माहीत नव्हतं, पण बोर्ड मोठा होता. त्यांनी अनेकदा मोजमापं घेतली आणि जाहीर केलं, "ही भूऔष्णिक ऊर्जा आहे. पृथ्वीच्या पोटातली उष्णता थेट आपल्या बागेत आलेली आहे."

चेअरमन नंदकिशोरकाकांनी त्याच संध्याकाळी तातडीची सभा बोलावली. सोसायटीच्या हद्दीखालचं सगळं, पार पृथ्वीच्या केंद्रापर्यंत, सोसायटीच्या मालकीचं आहे असा ठराव मंजूर झाला. तळमजल्यावरचे लोक केंद्राच्या जास्त जवळ राहतात, तर त्यांनी मेंटेनन्स जास्त द्यावा का, यावर भांडण झालं. दुसऱ्या दिवशी बोअरवेलवर कुणीतरी हळदकुंकू वाहिलं. तिसऱ्या दिवसापासून लोक तिथे चपला काढून जायला लागले.

सुबोध सरांनी मात्र एक खरोखर कामाची गोष्ट केली. त्यांनी रिकाम्या खोलीत सुकवणयंत्र बसवलं. बोअरचं गरम पाणी वेटोळ्या नळ्यांतून फिरायचं, पंखा त्या नळ्यांवर हवा सोडायचा आणि ती गरम, कोरडी हवा ताटांवरून जायची. कुंदाआत्याचा बचत गट आजवर गच्चीवर आंबापोळी घालायचा आणि कावळे, कबुतरं आणि पतंग पकडणारी पोरं यांच्याशी दिवसभर लढायचा. आता संध्याकाळी ताटं लावली, दार बंद केलं, की परवा सकाळी पोळी तयार. मध्ये दार उघडायचं नाही, हा सुबोध सरांचा कडक नियम.

सगळं झकास चाललं होतं. फक्त मधूनच एखादी खेप आज नासली तशी नासायची.

"कुणीतरी दार उघडलं," मागून आवाज आला. सुबोध सर आणि नंदकिशोरकाका आले होते. सरांनी आत डोकावून नळ्यांना हात लावला आणि पटकन काढला. "बघा, नळ्या चटका देतायत. पाणी गरम, पंखा चालू. म्हणजे यंत्र निर्दोष. राहिला माणूस."

"मी दार उघडूक नाय," कुंदाआत्या म्हणाली. तिचं सासर संगमेश्वरकडचं आणि माहेर मालवणचं. एरवी ती मुंबईचं मराठी बोलायची, पण संतापली की माहेरी जायची.

"कुंदाताई, चुका होतात," नंदकिशोरकाका समजूतदारपणे म्हणाले. समजूतदार माणूस कधीकधी फार राग आणतो. "पण पुढच्या शनिवारी पाहणीला इरावती मॅडम येणारेत. मोठ्या भूशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी शिफारस केली, तर आपला प्रकल्प राज्यभर दाखवतील. तेव्हा असं नासकं काही नको. मॅडम येऊन गेल्या की खोली आपण प्रशिक्षित माणसांकडे देऊ."

"आणि आमचा गट?"

"गच्ची आहे की."

"गच्चीवर तुमचा योगवर्ग असतो."

"हो, खरं," काका म्हणाले. "मग बघू."

'बघू'चा अर्थ सोसायटीत सगळ्यांना माहीत होता. रायवळ आंब्याचा मोसम पावसापर्यंतच. तोवर जागा मिळाली नाही, तर गटाचं वर्ष गेलं. आणि वर नाव खराब होणार ते वेगळंच : हिने दार उघडलं, हिने पोळी नासवली.

"माझी आत्या खोटं बोलत नाही," काका गेल्यावर हर्षद म्हणाला. "खोटं बोलायला लागतो तेवढा वेळच नसतो तिला."

"मग नासतं कसं?" निधीने विचारलं.

"पृथ्वीचा काही संबंध नाही," केयूर म्हणाला. केयूरला सगळं माहीत असायचं आणि ते तो सांगायचाही. "पृथ्वीचा गाभा सूर्याच्या पृष्ठभागाइतका तापलेला असतो. तो काय एका आंबापोळीसाठी मूड बदलणार?"

हर्षदचे हात चिकट झाले होते. तो बोअरच्या नळाशी गेला, नळ सोडला आणि एका पायावर नाचायला लागला.

"भाजलं? ते गरमच असतं रे, येड्या," निधी म्हणाली. "गेले सहा महिने गरम आहे."

"पण काल मी याच नळावर तोंड धुतलं." हर्षद बोटं फुंकत म्हणाला. "नुसतं तोंड नाही, मानसुद्धा. थंडगार होतं."

"काल कधी?"

"क्रिकेटनंतर."

कुणी हसलं नाही. हे हर्षदला आवडलं, कारण त्याच्या बोलण्यानंतर सहसा हसू यायचं.

"आपण क्रिकेट फक्त शुक्रवारी खेळतो," निधी हळूहळू म्हणाली. "कारण शुक्रवारी इस्टेटला सुट्टी. एरवी मागच्या गल्लीत टेम्पो असतात."

"आणि खेळून झालं की आपण इथेच हातपाय धुतो," केयूर म्हणाला. "गेल्या शुक्रवारी मीपण धुतले. तेव्हा डोक्यातच आलं नाही."

"तुझ्या डोक्यात गाभा होता," हर्षद म्हणाला.

"हर्षद, याआधी तू आंबट पोळी कधी खाल्लीस?" निधीने विचारलं.

हर्षदला शाळेतलं काही आठवत नसे, पण खाल्लेलं सगळं आठवायचं. "आजी मारुतीला तेल घालायला गेली होती. मी पोट धरून बसलो होतो. येताना तिने मला अंगारा लावला."

"म्हणजे शनिवार. त्याच्या आधी?"

"त्याच्या आधीपण मारुतीच."

"गुरुवारी संध्याकाळी लावलेली ताटं शनिवारी सकाळी उघडतात," निधी म्हणाली. "कधी गुरुवारी बायकांचे उपवास असतात, तेव्हा खेप लागतच नाही. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. लागली की नासते."

"म्हणजे पृथ्वीला शुक्रवारी सुट्टी असते?" हर्षदने विचारलं.

"पृथ्वीला नाही," केयूर म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "इस्टेटला."

लगेच तिघे सुबोध सरांच्या दारात हजर झाले.

"सर, तुम्ही शुक्रवारी कधी पाणी मोजलंय?"

"शुक्रवारी माझ्या ऑफिसला सुट्टी असते. मी डोंबिवलीला सासुरवाडीला जातो. का?"

"शुक्रवारी पाणी गार पडतं, सर."

सुबोध सर हसले. मोठी माणसं उत्तर द्यायच्या आधी हसली, की उत्तर यायचं नसतं. "बेटा, भूगर्भाला वार कळत नाहीत."

"तेच म्हणतोय आम्ही," निधी म्हणाली.

सरांनी तिच्या डोक्यावर थोपटलं आणि दार लावून घेतलं.

सोमवारी टेम्पो चुकवत तिघे मागच्या गल्लीत शिरले. सोसायटीच्या भिंतीपलीकडे, बरोबर बोअरच्या मागे एक मोठी, रात्रंदिवस चालणारी लाँड्री होती. हॉटेलांच्या चादरी, हॉस्पिटलांचे पडदे, लग्नाच्या हॉलचे टेबलक्लॉथ, सगळं तिथे यायचं. भिंतीच्या कडेची जमीन भर मे महिन्यात ओली होती. हर्षदने चप्पल काढून पाय ठेवला.

"कोमट," तो म्हणाला. "आजी पाय शेकायला देते तसं."

लाँड्रीचे मालक भीमराजशेठ आत खुर्चीत बसून फोनवर कुणालातरी ओरडत होते. "अरे, बॉयलर आहे की वऱ्हाड? कितीपण पाणी पाजा, पीतच राहतो." मुलांना बघून त्यांनी फोन ठेवला. "बॉल आला का आत? घ्या आणि जा."

"बॉल नाही, शेठ. तुमचं पाणी कुठे जातं ते शोधायचंय," निधी म्हणाली.

भीमराजशेठ ताठ बसले. गेल्या सहा महिन्यांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून विचारला होता. त्यांनी मुलांना सगळं फिरवून दाखवलं. बॉयलरमध्ये वाफ होते. ती मोठ्या इस्त्रीच्या मशीनमध्ये जाते, चादरी कडक करते आणि उष्णता देऊन झाली की तिचंच पाणी होतं, कढत कढत. ते एका पाइपातून परत बॉयलरकडे येतं.

"पाइप कुठून जातो?"

"जमिनीखालून, भिंतीच्या बाजूने."

"आणि पाणी परत येतं?"

"यायला पाहिजे."

"पण येतं का, शेठ?"

भीमराजशेठनी डोकं खाजवलं. "इथून निघतं, हे मी बघितलंय. पोचतं का, हे कोण बघणार? पाणी काय लहान पोर आहे, शाळेत पोचलं का विचारायला?"

केयूरने निधीकडे पाहिलं. निधीने हर्षदकडे पाहिलं. हर्षद चादरी घडी करणाऱ्या मशीनकडे बघत होता. त्याला त्यात झोपावंसं वाटत होतं.

"शेठ," निधी म्हणाली, "शुक्रवारी थोडा वेळ बॉयलर चालवाल?"

"शुक्रवारी सुट्टी. पण बॉयलरची साफसफाई असते, मी येतो. वाफ करता येईल. कशाला?"

"आम्ही फोन केला की इस्त्रीच्या मशीनची वाफ सोडायची. तुमचं पाणी कुठे जातं ते त्या दिवशी कळेल."

"सोडतो," शेठ म्हणाले. "माझं पाणी सापडलं, तर तुमच्या सगळ्या चादरी जन्मभर फुकट धुवीन."

आता एकच अडचण होती. पाहणी शनिवारी होती आणि शनिवारी पृथ्वी कामावर असायची. निधीने यावर रात्री जेवताना विचार केला आणि सकाळी नंदकिशोरकाकांकडे गेली. काका मुहूर्त पाहिल्याशिवाय पंखासुद्धा लावत नसत.

"काका, पाहणी शनिवारी ठेवलीत?" तिने चिंतेने विचारलं.

"का गं?"

"काही नाही. अग्नीचं काम, तेपण जमिनीखालचं, आणि वार शनीचा. तुम्ही बघूनच ठरवलं असेल."

काकांचा चहा कपातच राहिला. "शुक्रवार कसा आहे?"

"लक्ष्मीचा वार," निधी म्हणाली. हे खरंच होतं, त्यामुळे तिला अपराधी वाटलं नाही.

अर्ध्या तासात पाहणी शुक्रवारवर गेली. सुबोध सरांनी सासुरवाडीचं कारण सांगून पाहिलं, पण लक्ष्मीपुढे सासूचं काही चाललं नाही.

शुक्रवारी सकाळी बागेत मांडव पडला. बोअरवेलला झेंडूचा हार घातला होता. इरावती मॅडम आल्या. बुटक्या, पांढरे केस, पायात धावायचे बूट आणि पाठीवर सॅक. हार पाहून त्या थोड्या थबकल्या. कुंदाआत्या गटातल्या बायकांबरोबर शेवटच्या रांगेत बसली होती. तिथेही तिला कुणी बस म्हटलं नव्हतं, ती आपली बसली होती.

हर्षद तिथे नव्हता. तो लाँड्रीत मोठ्या व्हॉल्व्हशेजारी, हातात आत्याचा फोन घेऊन, वडापाव खात उभा होता.

"आता पृथ्वीच्या उदरातील अग्नी आपल्या भेटीला येईल," सुबोध सर म्हणाले आणि त्यांनी पंप सुरू केला.

पाणी आलं. मॅडमनी हात धरला, मग थर्मामीटर धरला. मग थर्मामीटर झटकून पुन्हा धरला.

"हे साध्या विहिरीच्या पाण्याइतकंच गार आहे," त्या म्हणाल्या.

सुबोध सरांनी नळाखाली हात घातला. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "कालपर्यंत कढत होतं. कुणीतरी छेडछाड केलीय. खोलीचं दार उघडं राहिलं असेल. कुंदाताई, तुम्ही..."

कुंदाआत्या उठून उभी राहिली. "साहेब," ती म्हणाली, "दार खोलीक आसा. बोअरवेलीक नाय."

मागच्या रांगेतल्या बायका खुदकन हसल्या. नंदकिशोरकाकांनी घाम पुसला. एवढ्यात निधी पुढे आली.

"मॅडम, पृथ्वी आत्ता बंद आहे. चालू करायची का?"

"तू करणार?" मॅडमनी विचारलं.

"हो. फोनवरून."

"निधी, हा काय चावटपणा आहे?" काका म्हणाले.

"करू दे तिला," मॅडम म्हणाल्या आणि खुर्ची ओढून नळासमोर बसल्या.

निधीने फोन लावला. "हर्षद, शेठना सांग, पृथ्वी चालू करा."

पलीकडून घास गिळल्याचा आवाज आला आणि मग, "शेठ, सोडा."

पाणी वाहत होतं. थंड. थोड्या वेळाने पाहिलं, तेव्हाही थंड. लोक चुळबुळ करू लागले. शांतता सहन न होऊन नंदकिशोरकाकांनी भाषण सुरू केलं. त्यांनी भूमातेचे आभार मानले, महापालिकेचे मानले, मांडववाल्याचे मानले. केयूरने निधीच्या कानात विचारलं, "पाइप दुसरीकडेच फुटला असेल तर?"

"तर आपली वाट लागली," निधी पुटपुटली. ती नळाकडे पाहत नव्हती. कुंदाआत्याकडे पाहत होती. आत्या अजून उभीच होती.

काका सोसायटीच्या वॉचमनचे आभार मानत असताना इरावती मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं. थर्मामीटरचा आकडा चढत होता. मग नळातून पहिला वाफेचा धागा उठला.

"अशक्य," सुबोध सर म्हणाले आणि खात्री करायला त्यांनी बोट घातलं. नंतर ते "आई गं" म्हणाले.

"बंद कर सांग," मॅडम म्हणाल्या. निधीने सांगितलं. पाणी हळूहळू गार पडलं. "परत चालू." पुन्हा गरम. मॅडमनी हे आणखी एकदा करायला लावलं. आता त्या गालातल्या गालात हसत होत्या. "मी बरीच कुंडं आणि झरे पाहिले," त्या म्हणाल्या, "पण सांगितल्यावर ऐकणारी पृथ्वी आजच पाहिली. कुठे आहे तिचं बटण?"

सगळा मांडव उठून मागच्या गल्लीत गेला. भीमराजशेठनी तिथेच कुदळीने खणायला लावलं. भिंतीखाली पाइपाचा सांधा निखळला होता आणि कढत पाणी थेट बोअरच्या फुटक्या नळकांड्यात शिरत होतं. "माझं पाणी," भीमराजशेठ हरवलेलं मूल सापडल्यासारखे म्हणाले.

सुबोध सरांनी खड्ड्यात वाकून सांधा नीट पाहिला. मग वळून म्हणाले, "मी सगळे वार मोजले. शुक्रवार मोजला नाही. मुलांनी सांगितलं, तेही ऐकलं नाही. कुंदाताई, दार तुम्ही उघडलं नव्हतं."

"माहीत होतं मला," आत्या म्हणाली. ती मुंबईला परत आली होती.

"पण तुमचं सुकवणयंत्र अगदी उत्तम आहे हं," इरावती मॅडम सरांना म्हणाल्या. "जमिनीतल्या अशाच गरम पाण्यावर थंड देशांत मासे वाळवतात, कांदा वाळवतात, लाकूडसुद्धा. त्याला उकळतं पाणी लागतंच असं नाही. पृथ्वी तेवढी खरी हवी. कोकणात गरम पाण्याची कुंडं आहेत, तिथे हे यंत्र चालेल."

"माझ्या सासरी आहे कुंड," कुंदाआत्या म्हणाली. "लोक आंघोळ करतात आणि बाकी पाणी ओढ्याला जातं. शेजारीच कोकमं उन्हात वाळत घालतात, आणि अवकाळी पाऊस आला की सगळी भिजतात."

मॅडमनी सॅक काढून खाली ठेवली. "तुम्ही याल माझ्याबरोबर? आधी कुंडाचं पाणी तपासू. आठवड्याचे सगळे वार. ते टिकलं तर यंत्र बसवू. पण ताटं किती जाड लावायची, पोळी कधी उलटायची, हे तिथल्या बायकांना शिकवणारं कुणी हवं. ते मला येत नाही."

गल्लीत टाळ्या वाजल्या. भीमराजशेठनीही वाजवल्या आणि त्याच दमात जाहीर केलं, की इस्त्रीच्या मशीनचं कढत पाणी ते नव्या पाइपाने आधी सुकवणखोलीत फिरवतील आणि मग बॉयलरकडे नेतील. गुरुवारी संध्याकाळी गटाने ताटं लावू नयेत, एवढंच.

"मुलांनो," नंदकिशोरकाका घसा साफ करून म्हणाले, "सोसायटीला तुमचा अभिमान आहे. निधी, लक्ष्मीचा वार तू मुद्दाम..."

"हो, काका."

"छान केलंस," काका जरा वेळाने म्हणाले. मग ते आत्याकडे वळले. "कुंदाताई, खोली तुमच्या गटाचीच. आणि मी समितीच्या वतीने माफी..."

"माफी ठेवा तुमच्याकडे," आत्या म्हणाली. "तुमच्या पाहणीपायी आमचा आठवडा गेला. घरात आंबे पिकून पडलेत. उद्या सकाळी अख्खी समिती घेऊन या रस काढायला."

शनिवारी सकाळी सुकवणखोलीबाहेर सतरंजीवर सागरदर्शनची समिती मांडी घालून बसली. नंदकिशोरकाकांचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. सुबोध सर प्रत्येक आंबा दाबायच्या आधी त्याचा अभ्यास करत होते, म्हणून त्यांचं पातेलं रिकामं होतं. निधी, केयूर आणि हर्षद खुर्च्यांवर बसले होते. काल मांडवात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या त्याच खुर्च्या. बायकांनी त्यांच्यासमोर चांगल्या खेपेतली आंबापोळी ठेवली होती. हर्षद कुणालाही काही विचारत नव्हता. नुसता गिळत होता.

कुंदाआत्या रांगेतून फिरत आली. काकांच्या ताटातली एक कोय तिने उचलली, उजेडात धरली आणि परत त्यांच्या हातात दिली.

"अजून पिवळी आहे. पिळा."

काकांनी निमूट पिळली. आत्याने खुर्च्यांवरच्या तिघांकडे पाहिलं, मग सतरंजीवरच्या समितीकडे. आज ती मुळीच संतापली नव्हती, तरी बोलली माहेरचंच.

"पोरां हुशार आसत," ती म्हणाली. "तुमीपण शिकशात."